रॅपो म्हणजे काय रे भाऊ?

गेल्या सत्रात प्लेसमेंट सेलने आम्हा तिसऱ्या वर्षाच्या पोरांसाठी दोन दिवसांचं ट्रेनिंग ठेवलं होतं. हजेरी सक्तीची. त्यामुळे हॉल गच्च भरलेला आणि मागच्या तीन रांगा गाढ झोपलेल्या. दुसऱ्या दिवशी जेवणानंतरचा विषय होता ‘रॅपो बिल्डिंग’. ट्रेनर सर पुण्याहून आलेले, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं अस्खलित. त्यांनी सांगितलं, गिऱ्हाईक जसं बसेल तसं बसा. ते पुढे झुकलं की तुम्ही पुढे झुका. त्याचं नाव बोलण्यात किमान तीन वेळा घ्या. हात घट्ट मिळवा, पण चिरडू नका. टेबलावर मुलांचा फोटो दिसला तर मुलांची चौकशी करा... मग आमच्या जोड्या लावल्या. माझ्या नशिबी माझाच रूम पार्टनर आला. त्याने कान खाजवला, मी कान खाजवला. त्याने जांभई दिली, मला खरोखरची आली. थोड्या वेळात सगळा हॉल माकडांची शाळा भरल्यासारखा एकमेकांच्या नकला करत सुटला.

त्या रात्री मेसमध्ये याच्यावर भरपूर हसून झालं. एकाने तर आमटी वाढणाऱ्या मावशींचं नाव तीन वेळा घेऊन जादा पापड मिळतो का, याचा प्रयोग केला. नाही मिळाला. हसण्याच्या ओघात कुणीतरी जे बोललं ते मात्र माझ्या डोक्यात राहिलं. तो म्हणाला, “हे सगळं सेल्सवाल्यांचं रे. आपण इंजिनिअर आहोत. चार वर्षं थर्मो आणि फ्लुइड घासून शेवटी काय बॅग घेऊन दारोदार हिंडायचं?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला सांगू?

पण मी दारोदार हिंडून आलेलो आहे. त्या उन्हाळ्यात मला एकूण उणे पन्नास रुपये कमाई झाली. तो हिशोब पुढे येईलच. त्याआधी मी कुठला ते सांगतो, कारण आमच्याकडे बोलणं तिथूनच सुरू होतं.

मी महाळुंगे पडवळचा. तालुका आंबेगाव. महाळुंगे म्हटलं की निम्म्या लोकांना चाकणची एमआयडीसी आठवते, उरलेल्यांना बालेवाडीचं स्टेडियम. ती दोन्ही महाळुंगी वेगळी. आमचं महाळुंगे म्हणजे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचं गाव. पुण्यातल्या मंडईजवळ त्यांच्या नावाचं गणपती मंडळ आहे, घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचं नाव आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेल्या ट्रकसमोर हा गिरणी कामगार आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वयाने तो तेव्हा आपल्या फायनल इयरच्या पोरांएवढा असेल. शाळेत दर १२ डिसेंबरला आम्ही यावर भाषणं केली. माझं तर सातवीपर्यंत एकच भाषण होतं, दरवर्षी फक्त शेवटचं वाक्य बदलायचं. त्या सगळ्या भाषणांत स्वदेशी विकत घ्या हे असायचं. पण ते विकायचं कुणी आणि कसं, हे कधी कुणी बोललं नाही. आपला माल चांगला म्हणजे तो आपोआप खपतो, अशी आपली एक गोड समजूत असते. ती मी माझ्या वडिलांच्या, आबांच्या, क्रेटमागे बसून लहानपणीच गमावली.

आमचा कांदा मंचरला जातो आणि टोमॅटो नारायणगावला. पहाटे तोडा, दुपारी गाडी, संध्याकाळी पट्टी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पट्टी म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशोबाचा कागद. माल किती, भाव काय, हमाली किती, तोलाई किती आणि हातात काय. आमच्या घरात माणसांची पारख या कागदावर होते. “त्याची पट्टी सरळ असते” हे आबांच्या तोंडचं सर्वात मोठं सर्टिफिकेट. कोण किती गोड बोलतो, कोण चहा पाजतो, कोण पोराच्या दहावीचे मार्क विचारतो, याची चर्चा घरी होते, नाही असं नाही. पण ती चर्चा शेवटी पट्टीपाशी येऊन थांबते.

आजोबा रुमालाखालच्या सौद्याची गोष्ट सांगायचे. आडत्या आणि खरेदीदार एकमेकांचे हात हातात घ्यायचे, वरून रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरायचा. १९६३ साली आपल्या राज्यात बाजार समित्यांचा कायदा झाला आणि उघड लिलाव हा नियम झाला, तो अशाच प्रकारांना आळा बसावा म्हणून. ट्रेनर सर हात घट्ट मिळवायला शिकवत होते तेव्हा मला हा रुमाल आठवला. विचार करा, याहून जवळचा रॅपो कोणता? हातात हात, बोटांत बोटं! फक्त ज्याचा माल होता तो शेतकरी दोन हातांवर उभा राहून रुमालाकडे बघत असायचा. रॅपो होता, पण तो त्याच्याशी नव्हता. त्यामुळे ‘अमक्याचा तमक्याशी फार चांगला रॅपो आहे’ असं कुणी कौतुकाने म्हणालं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, की मग या सौद्यात रुमालाबाहेर कोण उभा आहे?

२०१६ साली सरकारने फळं आणि भाजीपाला नियमनमुक्त केला, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. तोपर्यंत ‘आपला माणूस’ म्हणून जो आपल्या वतीने बोलायचा त्याची आडत आपल्याच पट्टीतून कापली जायची. आता ती कापली जात नाही. तरी आबा त्याच माणसाकडे माल घालतात. मी एकदा विचारलं, आता तर कुणालाही देता येतो, मग हाच का? आबांनी उत्तर दिलं नाही, ते क्रेट उचलत होते.

उत्तर मला २०२३ साली मिळालं. त्या वर्षी मे महिन्यात टोमॅटोचा भाव इतका पडला होता की राज्यात ठिकठिकाणी लोकांनी माल रस्त्यावर ओतला. तोडणीची मजुरी निघत नव्हती. तेव्हा आमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याने माल नाकारला नाही. भाव त्याने वाढवून दिला नाही, ते त्याच्या हातात नव्हतं. पण गाडी परत पाठवली नाही आणि पट्टी त्याच दिवशी केली. जुलैमध्ये चित्र उलटं झालं. देशभर टोमॅटोची टंचाई, नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव. आमच्या बांधावर अनोळखी लोक रोख पैसे घेऊन यायला लागले. आमचा दुसरा प्लॉट नेमका तेव्हा चालू होता. आबांनी अर्धा माल त्या नेहमीच्याला दिला, बाजारात जो भाव निघेल त्या भावाने, आणि अर्धा बांधावर विकला. सगळा नाही दिला. आमचे आबा काही संत नाहीत. व्यापाऱ्यालाही ते कळलं असणार, तो काही बोलला नाही. मेमधला तो आणि जुलैमधले आबा, या दोन वागण्यांच्या मध्ये जे काही आहे, त्याला मी रॅपो म्हणेन. त्यात कुणी कुणाच्या बसण्याची नक्कल केलेली नव्हती. दोघांनी फक्त एकमेकांची पडती आणि चढती अशा दोन्ही वेळा बघितल्या होत्या.

आता माझ्या उणे पन्नास रुपयांकडे येतो.

सेकंड इयर संपल्यावर सुट्टीत मी जवळच्या एका दुकानदाराकडे कामाला लागलो. मोटारपंप, पाइप, ठिबकचं सामान असं दुकान. त्यांच्याकडे मोबाईल स्टार्टर आले होते. स्टार्टरच्या पेटीत सिमकार्ड असतं, घरून मिस कॉल दिला की विहिरीवरची मोटार चालू, पुन्हा दिला की बंद. एक विकला की मला तीनशे रुपये कमिशन. मी खूश! इलेक्ट्रिकल मशिन्समध्ये नुकतेच बरे मार्क पडले होते, म्हणजे विषय आपलाच.

पहिले चार दिवस मी मळ्यामळ्यांतून हिंडून फेज प्रिव्हेंटर, ओव्हरलोड, ड्राय रन, टायमर मोड हे सगळं पाठ म्हणून दाखवलं. एकही विकला गेला नाही. लोक ऐकून घ्यायचे, पाणी द्यायचे आणि “बघू” म्हणायचे. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. पाचव्या दिवशी एका वस्तीवर घरातली माणसं रानात गेलेली, एक आजीच तेवढी ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मी तिलाच सगळं म्हणून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हंजी पोराला रात्रीचं उठून हिरीवर जावं लागंल का न्हाय?”

“नाही आजी. घरूनच चालू करायची.”

“आरं मग येवढंच सांग की! किती वेळ लावतोस?”

शेतीची थ्री फेज लाइट पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. आणि जुन्नर-आंबेगावात रात्री उसाच्या कडेने विहिरीवर जाणं म्हणजे काय, हे बाहेरच्या मित्रांना सांगून पटत नाही. आमच्याकडे बिबट्या ही पेपरमधली बातमी नसते, तो शेजारच्या उसात असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र काढावं लागलं, यावरून काय ते समजा. तिचा मुलगा रात्री बॅटरी आणि काठी घेऊन गेला की ती परत येईपर्यंत जागी असायची. मी तिला ओव्हरलोड रिले समजावत होतो आणि ती पोराच्या जिवाचा विचार करत होती. संध्याकाळी तिच्या मुलाने फोन करून स्टार्टर मागवला. मी त्याच्यापुढे एक शब्दही बोललो नव्हतो!

त्यानंतर मी आधी विचारायला लागलो. पाळी कधीची आहे, विहीर घरापासून किती लांब, रात्री कोण जातं. आणि एक गंमत सांगतो. नाव तीन वेळा घेण्याचा उपाय आमच्याकडे केला तर कानाखाली बसेल. वडीलधाऱ्याला नावाने हाक मारतो का कुणी? तिथे तात्या, मामा, अप्पा, काकी. आणि चौकशी विकणारा करत नाही, घेणारा करतो. पहिला प्रश्न ठरलेला, “कुठला तू? कुणाचा रं?” मग आबांचं नाव, मग आईचं माहेर, मग माझ्या मामाने कधी काळी त्यांच्या भावाला बैल विकला होता तो बैल... इतकं झालं की पाण्याच्या जागी चहा येतो. माझा अर्धा रॅपो माझ्या जन्माच्या आधीच तयार होता. मी फक्त त्यावर जाऊन बसत होतो.

हे मी हॉस्टेलवर फुशारकीने सांगत होतो तेव्हा आमच्यातला एक मित्र, जो एरवी सगळ्यात जास्त बोलतो, गप्प बसला होता. नंतर गॅलरीत म्हणाला, “तुला ‘कुणाचा’ विचारतात आणि चहा देतात. आमच्या तिकडे मला आडनाव विचारतात, आणि मग पाणीसुद्धा विसरतात.” मी काय बोलणार? त्याला ट्रेनिंगमधलं ते नाव घेणं, हात मिळवणं, डोळ्यात बघणं मनापासून आवडलं होतं. तो ते लिहून घेत होता आणि आम्ही मागे हसत होतो. ज्याच्याकडे आयती ओळख नाही त्याला अनोळखी माणसासमोर उभं राहायची रीत कुणीतरी शिकवावीच लागते. शहरातल्या ऑफिसात निदान ‘कुणाचा रं तू’ विचारत नाहीत. तेव्हा त्या ट्रेनिंगवरचं माझं हसणं मी निम्मं परत घेतो. कान खाजवण्याचं मात्र घेत नाही.

तर नऊ स्टार्टर विकले गेले. नववा नात्यातल्याच एका मामांना. लांबचे, पण मामाच. किंमत साडेचार हजार, त्यातले दोन हजार रोख, उरलेले अडीच हजार टोमॅटोच्या पट्टीवर द्यायचे ठरले. मी स्टार्टर बसवला संध्याकाळी, अंधार पडता पडता. घाई होती, गावात मॅच होती. ड्राय रन सेट करायचं तर मोटार चालवून, क्लॅम्प मीटरने करंट बघून, त्याच्या हिशोबाने मर्यादा लावावी लागते. पाणी संपलं की मोटारीवरचा भार कमी होतो, करंट उतरतो, आणि तो त्या मर्यादेखाली गेला की पेटीने मोटार बंद करायची, असं ते काम. मी मीटर लावलाच नाही. कंपनीने जी मर्यादा ठेवून पाठवली होती तीच राहू दिली. आणि मामांची विहीर ओढ्याच्या खोलगट भागात, तिथे मोबाईलला जेमतेम एक कांडी रेंज. मला दिसलं होतं. मी म्हटलं, चालतंय.

मे महिना. विहिरीला पाणी किती असणार? चार दिवसांनी रात्री दोनच्या सुमाराला विहीर उपसली. पेटीने मोटार बंद केली नाही. मामांना जाग आली, त्यांनी घरून कॉल लावला, लागेना. पुन्हा लावला, पुन्हा नाही. बॅटरी घेऊन ते निघाले. ज्यासाठी स्टार्टर घेतला होता तेच करत निघाले! पोहोचेपर्यंत मोटारीचं वाइंडिंग जळालं होतं.

सकाळी मी दुकानात सांगितलं. शेठ वाईट माणूस नव्हे, पण त्यांनी मॅन्युअल उघडून दाखवलं. रेंजची जबाबदारी ग्राहकाची, असं छापलेलं होतं. म्हणाले, “तू जाऊ नकोस तिकडे. मी फोनवर बोलतो. नेटवर्कचा प्रॉब्लेम म्हण, संपलं.” आणि खरं सांगतो, मी पूर्ण एक दिवस गेलो नाही. मामांचा फोन आला, तोही उचलला नाही. सगळा रॅपो, तो बैल, आईचं माहेर, ते सगळं त्या न उचललेल्या फोनमध्ये होतं. घरी आबांना कुठून तरी कळलं होतं. जेवताना त्यांनी एवढंच विचारलं, “गेला होतास का?” मी नाही म्हटलं. त्यांनी पुढची भाकरी घेतली नाही, उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. मामा आणि त्यांचा मुलगा चेनपुली लावून मोटार वर काढत होते. मी चप्पल काढून दोर धरला. मोटार वर आल्यावर सांगितलं, की मीटर लावून सेटिंग करायला पाहिजे होतं, ते मी केलं नाही. रेंज कमी आहे हे मला दिसलं होतं. मामा रागावले, अगदी व्यवस्थित रागावले. ते शब्द मासिकात छापता येणार नाहीत, संपादक मंडळ कापेल. मग म्हणाले, “आरं, हिरीत पानी किती हाय ते मी बी बघाया पायजे व्हतं.” मोटार गाडीत घातली, रिवाइंडिंगला नेली. बिल साडेपाच हजार.

संध्याकाळी ओट्यावर बसून मामांनी पोराच्या वहीचं पान फाडलं आणि हिशोब लिहिला. रिवाइंडिंग ५५००. निम्मे त्यांचे, निम्मे माझे, म्हणजे माझ्याकडे २७५०. त्यांच्याकडून मला येणे २५००. वजा जाता माझ्याकडून त्यांना येणे २५०. खाली तारीख घातली आणि मला सही करायला लावली. पट्टीच ती! मी खिशातून अडीचशे काढून दिले. मला वाटलं होतं, राहू दे म्हणतील. त्यांनी मोजून घेतले.

दुकानात त्यांच्या नावावरचे अडीच हजार मी भरले. नऊ स्टार्टरचं कमिशन सत्तावीसशे. गेले सत्तावीसशे पन्नास. झाली उन्हाळ्याची कमाई. त्यानंतर मी एका लांब बांबूला अँटेना बांधून तिची वायर पेटीत आणली, रेंज आली, आणि मीटर लावून मर्यादा नीट बसवली. पुढे तो स्टार्टर चालला. बाकीच्या आठ ठिकाणीही एकेक फेरी मारली. दोन ठिकाणी सेटिंग चुकलेलंच होतं.

यावर आमचा एक सिनिअर म्हणाला, ही तर सर्व्हिस झाली, सेल्स नव्हे. मला हा फरकच कळत नाही. आपल्यातलेच एक मोठे इंजिनिअर आठवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली, मग मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले, बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचं दुकान घातलं. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर तयार केला आणि तो खपेना. लोखंडाने जमीन विषारी होते, असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर विकले जायला दोनेक वर्षं लागली. आपण ही गोष्ट नेहमी शेतकऱ्याच्या अडाणीपणाची म्हणून सांगतो. मला ती तशी वाटत नाही. ज्याचं सगळं त्या चार एकरांवर आहे, त्याने आयुष्यात कधी न बघितलेली वस्तू जमिनीत घालण्याआधी शंभर वेळा विचार केला तर बिघडलं कुठे? नांगर फसला तर बनवणाऱ्याचा एक नांगर जातो, त्याचं वर्ष जातं. मामांची मोटार जळेपर्यंत हे मलाही फक्त पुस्तकी माहीत होतं. किर्लोस्करांकडून पुढे १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं मासिकही निघालं, ते आधी कारखान्याचं घरचं पत्र होतं. नांगर विकणाऱ्यांना गिऱ्हाइकाशी बोलत राहायला कागद लागला, आणि त्या कागदाचं पुढे मराठीतलं नावाजलेलं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. नांगर विकून टाकून ते मोकळे झाले असते तर कदाचित मासिक झालंच नसतं.

एक बाजू मात्र मी अजून सांगितली नाही, आणि ती सोडली तर हा लेख म्हणजे दुकानदारांची जाहिरात होईल. आमच्या भागात रॅपो फासही होतो. बी-बियाण्याला, औषधाला, लग्नाला उचल घेतली जाते. देणारा गोडच बोलतो. व्याजाचं नाव काढत नाही. फक्त माल त्याच्याकडेच घालायचा. मग भाव पाच रुपये कमी लागला तरी तोंड उघडता येत नाही, कारण अडीनडीला तोच उभा राहिला होता. माझ्या एका चुलत्यांची सात वर्षं यात गेली. ते त्या माणसाबद्दल आजही वाईट बोलत नाहीत. “माणूस चांगला” म्हणतात. असेलही. पण ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याशी असलेले संबंध कितीही गोड असले तरी मी त्याला रॅपो म्हणणार नाही. आबांना जुलैमध्ये अर्धा माल बांधावर विकता आला, कारण त्यांच्याकडे कुणाची उचल नव्हती. मामांना माझ्यावर ओरडता आलं आणि अडीचशे मोजून घेता आले, कारण आमच्यात हिशोब होता. कॉलेजबाहेरच्या टपरीवर आपल्या सगळ्यांची उधारीची वही आहे. ज्या महिन्यात वही भरते त्या महिन्यात आपण चहा पातळ झाला तरी बोलत नाही, बघा आठवून.

आणि म्हणून मला वाटतं, आमच्या गावच्या त्या १२ डिसेंबरच्या भाषणांत एक गोष्ट राहून गेली. बाबू गेनू रस्त्यावर आडवा झाला तो विकत घेण्याचं नाकारून. बाजार चालवणारे सगळे एका बाजूला होते, व्यापारी, पोलीस, सरकार. गिऱ्हाइकाच्या बाजूला फक्त नकार होता. बाजारात विकणारा जितका मोठा, तितकी त्याला गिऱ्हाइकाच्या नकाराची सवय कमी. आणि आपण हॉलमध्ये जे शिकत होतो ते शेवटी काय होतं? समोरच्याला नाही म्हणणं अवघड कसं करायचं, हेच ना? नाव घ्या, पोरांची चौकशी करा, मग त्याला नाही म्हणायला लाज वाटेल. मला ते खटकतं. त्या आजीने पहिल्या चार दिवसांतल्या माझ्या भाषणांना ‘नाही’ म्हणायला मोकळीक ठेवली होती, म्हणून तिचं ‘हो’ मला उपयोगी पडलं.

हे वाचून आमचे प्लेसमेंटचे सर म्हणतील, मग तुझं म्हणणं काय, ट्रेनिंग बंद करायचं? नाही सर. फक्त दोन दिवसांपैकी एक दिवस हॉलऐवजी नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ठेवा. बस आपल्या कॉलेजचीच आहे. पोरांना संध्याकाळी तिथे उभं करा. व्यापारी क्रेट उलटा करून तळाचा टोमॅटो का बघतो, आणि काही शेतकऱ्यांचे क्रेट न उलटता का घेतो, एवढं बघून येऊ द्या. नक्कल करायची तर त्या दुसऱ्या शेतकऱ्यांची करू. मागच्या तीन रांगा तिथे झोपणार नाहीत याची हमी मी देतो, तिथे झोपायला जागाच नसते.

मी यंदा प्लेसमेंटच्या फॉर्ममध्ये सेल्स इंजिनिअरच्या रकान्यावर टिक केली आहे. रूम पार्टनरने अजून केलेली नाही, तो म्हणतो आधी तुझं काय होतं ते बघू. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे काय ते वर सांगितलं आहेच. शनिवारी गावी जातोय. मामांच्या शेजाऱ्याला स्टार्टर हवाय, पण त्याची विहीर मामांच्याही खाली, पार ओढ्यात आहे. मित्राचा क्लॅम्प मीटर मागून ठेवला आहे. आधी फोन घेऊन विहिरीवर उतरून रेंज बघणार. नसली तर घेऊ नका म्हणून सांगून परत येईन, रविवारच्या मॅचला.